सहा लाख चाळीस हजारांचा आळ

चतुर्थीच्या सुट्टीआधीपासून एक मेसेज गोव्यातल्या गावागावांच्या ग्रुपवर फिरतो आहे. आमच्या वाड्याच्या ग्रुपवर आला, देवस्थानच्या ग्रुपवर आला, मग मावशीने पाठवला. मजकूर थोडक्यात असा: गोव्यातल्या प्रत्येक सरकारी शाळेला डिजिटल शिक्षणासाठी केंद्राने ६ लाख ४० हजार रुपये दिले आहेत. तुमच्या मुलाच्या शाळेत स्मार्ट बोर्ड नसेल तर ते पैसे मुख्याध्यापकाने खाल्ले. हा पैसा सगळा केंद्राचा, राज्याचा त्यात एक रुपया नाही. शाळा कोणालाच हिशेब देत नाहीत. तसंही डिजिटल शिक्षण म्हणजे पैशांची नासाडी. मराठी शाळा मुद्दाम वगळल्या आहेत. आणि शेवटी, खालच्या लिंकवर माहिती भरा, तुमच्या मुलाला टॅबलेट मिळेल.

असले मेसेज मी एरवी पुसून टाकतो. हा पुसून भागलं नाही, कारण तो माझ्या वहिनींच्या शाळेपर्यंत पोचला. वहिनी सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत शिकवतात. शाळा सुटताना, मुलं उभी असताना, एका पालकाने त्यांना विचारलं, "टीचर, सहा लाखांचं काय केलंत?" त्या दिवशी घरी आल्यावर वहिनी मला एवढंच म्हणाल्या, "भावजी, शाळेच्या खात्यात एवढी रक्कम कधी आलीच नाही. न आलेल्या पैशांचा हिशेब मी कसा दाखवू?"

म्हणून हे लिहितो आहे, आणि सगळ्यात जास्त त्या पहिल्या मुद्द्यावर लिहितो आहे.

६.४० लाख हा आकडा हवेतून आलेला नाही. तो केंद्राच्या 'समग्र शिक्षा' योजनेतला आहे. २०१८-१९ पासून सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक-प्रशिक्षणाची योजना एकत्र करून ही योजना झाली. तिच्यात 'आयसीटी (माहिती व संचार तंत्रज्ञान) आणि डिजिटल उपक्रम' नावाचा एक भाग आहे. त्यात संगणक प्रयोगशाळेसाठी एका शाळेला एकदाच ६.४० लाखांपर्यंत आणि पुढे पाच वर्षं दरवर्षी २.४० लाखांपर्यंत अनुदान देता येतं. प्रयोगशाळेऐवजी स्मार्ट वर्ग घेतले तर सुरुवातीला २.४० लाखांपर्यंत आणि नंतर वर्षाला ३८ हजारांपर्यंत. शिक्षण मंत्रालयाने संसदेत खासदारांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांत हेच आकडे पुन्हा पुन्हा आले आहेत.

आता त्याच नियमातलं जे वाक्य मेसेज लिहिणाऱ्याने गाळलं, ते वाचा. हा भाग सहावी ते बारावीचे वर्ग असलेल्या सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी आहे.

सहावी ते बारावी! गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळा पहिली ते चौथीच्या. पाचवीला मूल हायस्कुलात जातं. म्हणजे ज्या शाळांच्या फाटकांवर हा मेसेज घेऊन लोक जात आहेत, त्यातल्या बहुतेक शाळा या तरतुदीत बसतच नाहीत. तिथे पैसा आला नाही, येणार नव्हता, आणि आला नाही म्हणून कोणी तो खाल्लाही नाही. मेसेजने 'प्रत्येक सरकारी शाळा' असा एक शब्दप्रयोग केला आणि शेकडो शिक्षकांवर चोरीचा आळ आला.

बरं, मग प्राथमिक शाळेच्या हातात येतं काय? त्याच समग्र शिक्षेच्या निकषांत संयुक्त शाळा अनुदान आहे, आणि ते पटसंख्येवर ठरतं. तीसपर्यंत मुलं असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार, त्याच्या वर शंभरपर्यंत २५ हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. सत्तरी, सांगे, काणकोणच्या कितीतरी शाळा तीसच्या आतल्या आहेत. खडू, रजिस्टरं, बंद पडलेला पंखा, फुटलेला नळ, शिकवण्याचं साहित्य, सगळं त्या दहा हजारांत. बऱ्याच ठिकाणी शिक्षक एकच. तोच वर्ग घेतो, तोच माध्यान्ह आहाराची नोंद ठेवतो, तोच यूडायसची, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या सरकारी नोंदणीची, माहिती भरतो. अशा माणसाला मुलांसमोर चोर ठरवायचं, आणि तेही कोणीतरी योजनेचं अर्धं वाक्य वाचलं म्हणून. मला याचा संताप येतो आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

एखाद्या प्राथमिक शाळेत भिंतीवर मोठा टीव्ही किंवा पॅनल दिसतो, हे खरं आहे. तो माजी विद्यार्थ्यांनी दिलेला असतो, पंचायतीने, एखाद्या कंपनीने आपल्या सामाजिक निधीतून, किंवा वेगळ्या योजनेतून आलेला असतो. शेजारच्या गावात आहे म्हणून तुमच्याही गावाला पैसे आले असतील, असा अर्थ त्यातून निघत नाही.

हायस्कुलांबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्या. ६.४० लाख ही कमाल मर्यादा आहे, 'पर्यंत' हा शब्द तिथे आहे. मागणी राज्याने आपल्या वार्षिक आराखड्यात करायची, ती केंद्राने मंजूर करायची, मग पैसा राज्याकडे येतो. खरेदी राज्य पातळीवर एकत्र झाली तर शाळेत फक्त यंत्रं उतरतात आणि मुख्याध्यापक सही करून ती ताब्यात घेतात. रोख रक्कम त्यांच्या टेबलावर येत नाही. आणखी एक: २०१० मध्ये सुधारलेल्या जुन्या आयसीटी योजनेतही एका शाळेसाठी ६.४० लाखांचाच आकडा होता. इतक्या वर्षांनी त्या रकमेत काय आणि किती चांगलं येतं, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे. मेसेजला तो सुचला नाही.

"राज्याचा एक रुपया नाही." चूक. गोव्यासाठी समग्र शिक्षेतला वाटा केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के असा आहे. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना ९०-१०. बाकी यात बोलण्यासारखं काही नाही.

"शाळा कोणालाच हिशेब देत नाहीत." हा आरोप करणाऱ्यांनी शिक्षण हक्क कायदा २००९ चं एकविसावं कलम उघडावं. प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, निम्म्या महिला. आणि सरकारकडून किंवा दुसरीकडून मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं हे त्या समितीचं कायद्याने दिलेलं काम आहे. म्हणजे हिशेब बघायचा अधिकार फॉरवर्ड पाठवणाऱ्या पालकांच्याच हातात आहे. अनुदानित शाळांत ही समिती फक्त सल्ला देऊ शकते, हे मात्र खरं, आणि ती कमतरताच आहे. तिथे माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. शिवाय प्रत्येक शाळेला अकरा आकडी यूडायस कोड असतो. त्यावरून पट किती, शिक्षक किती, संगणक आहेत का, इंटरनेट आहे का, हे घरबसल्या बघता येतं. ती माहिती शाळाच भरते, त्यामुळे ती डोळे झाकून मानू नका. पण फाटकावर आवाज चढवण्याआधी निदान ती तरी बघा.

समितीच्या बैठकीला किती पालक येतात, हे मी वहिनींना विचारलं होतं. त्यांनी दिलेलं उत्तर इथे लिहीत नाही. वाचणाऱ्या पालकांना ते ठाऊक आहे.

आता "डिजिटल शिक्षण म्हणजे नासाडी". इथे मला थोडी माघार घ्यावी लागते, आणि ती मी नाखुशीने घेतो. युनेस्कोचा २०२३ चा जागतिक शिक्षण अहवाल पूर्णपणे शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर आहे. त्यात पेरू देशाचं उदाहरण आहे: दहा लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले, पण शिकवण्याच्या पद्धतीत ते बसवलेच नाहीत, आणि मुलांच्या शिकण्यात सुधारणा झाली नाही. आपल्याकडेही हे होऊ शकतं. शिक्षकाला प्रशिक्षण नाही, पावसाळ्यात वीज जाते, दमटपणाने प्रोजेक्टर बिघडतो, दुरुस्तीला कोणी येत नाही, आणि पाच वर्षांनी वार्षिक अनुदान संपलं की प्रयोगशाळेला कुलूप लागतं. यंत्र घ्यायला पैसा मिळतो आणि ते चालतं ठेवायला मिळत नाही, ही तक्रार रास्त आहे.

पण म्हणून 'ही साधनंच नकोत' हा निष्कर्ष कसा निघतो? २०२० साली टाळेबंदीत सांग्यातली आणि सत्तरीतली मुलं मोबाइलला रेंज मिळावी म्हणून डोंगरावर चढून बसत होती. त्या मुलांना डिजिटल साधनं नकोत असं म्हणणारा माणूस स्वतःच्या घरी वायफाय लावून असले मेसेज लिहितो आहे. पणजीतल्या मुलाला घरात जे आपोआप मिळतं, ते केरीच्या किंवा नेत्रावळीच्या मुलाला शाळेत मिळालं नाही तर कुठेच मिळणार नाही.

टॅबलेटच्या लिंकबद्दल तीनच वाक्यं. ती उघडू नका, आधार आणि बँकेची माहिती भरू नका. फुकट लॅपटॉपच्या अशा मेसेजांना पीआयबीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या, तथ्य-तपासणी विभागाने अनेकदा खोटं ठरवलं आहे. कोणी भरून बसलं असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

राहिला मराठी शाळांचा मुद्दा. "मुद्दाम वगळल्या" हे खोटं आहे. आयसीटीच्या नियमात माध्यमाची अट नाही, इयत्तेची आहे. गोव्यात 'अनुदान' म्हटलं की लोकांना २०११ आठवतं, इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याच्या निर्णयावरून झालेलं रण आठवतं, आणि मग कुठल्याही अनुदानाला तोच रंग दिला जातो. ते अनुदान शाळा चालवण्याचं, शिक्षकांच्या पगाराचं. हे योजनेतलं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

तरीही या खोट्याच्या पोटात एक खरी गोष्ट आहे, आणि ती मेसेजपेक्षा जास्त बोचणारी आहे. गोव्यात मराठी माध्यम उरलं आहे ते मुख्यतः सरकारी प्राथमिक शाळांत. पुढे हायस्कुलात बहुतेक ठिकाणी इंग्रजी. त्यामुळे 'सहावीपासून' ही अट कागदावर इयत्तेची असली तरी प्रत्यक्षात मराठीतून शिकणारी बहुतेक मुलं तिच्या बाहेर पडतात. राज्याच्या स्वतःच्या योजना बघा. पर्रीकरांच्या काळातली, विद्यार्थ्यांना संगणक देणारी सायबरएज योजना प्राथमिकच्या वरच्या मुलांसाठी होती. २०२१ ची कोडिंग आणि रोबोटिक्सची 'केअर्स' योजना सहावी ते आठवीसाठी आहे. प्रत्येक वेळी सुरुवात वरून. कोणी कट केला असेल असं मला वाटत नाही. खालच्या चार इयत्तांचा कोणी विचारच केला नाही, आणि पालक मात्र त्याच चार इयत्तांसाठी मूल इंग्रजी शाळेत घालतात, कारण तिथे त्यांना भिंतीवर पॅनल दिसतो. मग आपला पट घटतो, पटावर ठरणारं अनुदान दहा हजारांवर येतं, आणि शाळा बंद करून दुसरीत विलीन करायची चर्चा सुरू होते.

राग यायचा असेल तर तो इथे यावा. केंद्राचा निकष बदलेल तेव्हा बदलेल. राज्याला स्वतःच्या अर्थसंकल्पातून पहिली ते चौथीच्या सरकारी शाळांसाठी वेगळी तरतूद करायला कोणी अडवलेलं नाही. त्यात तीन गोष्टी मागायच्या: साधनं, त्यांच्या देखभालीचा दरवर्षीचा पैसा, आणि एकशिक्षकी शाळेतल्या शिक्षकाला वर्ग बंद न ठेवता घेता येईल असं प्रशिक्षण. व्यवस्थापन समितीचा ठराव करून तो भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि आपल्या आमदारांकडे द्या, आणि पोच घ्या. निवेदनाचा मसुदा मी मराठीत लिहून ठेवला आहे. वहिनींच्या शाळेच्या समितीने तो पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे, आणि ज्या पालकाने फाटकावर सहा लाखांचं विचारलं होतं, त्यांनाही त्या बैठकीचं बोलावणं गेलं आहे.