टायरॉड एंडच्या बुटाबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार भाऊ,

बाकी वाचणाऱ्यांसाठी: टायरॉड एंड म्हणजे स्टेअरिंगची दांडी चाकाला जोडणारा बॉलचा जॉइंट, आणि बूट म्हणजे त्यावरचं रबरी आवरण. आमच्या दुकानातला बूट दीड महिन्यात फाटला, ही तुमची रिव्ह्यूतली तक्रार. तिचं उत्तर देतोच, पण आधी तुम्ही टाकलेल्या तिसऱ्या फोटोचं बघू. त्यात कॅसल नटमध्ये (वर खाचा असलेला नट) स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून आरपार घालतात ती) दिसत नाही, बांधायची तार दिसते, मांडवाला पिळतात तशी पिळलेली. पुढच्या आठवड्यात आईला घेऊन पंढरपूरला निघायचंय असं तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय. त्या तारेवर गाडी गावाबाहेर काढू नका. नट फिरत फिरत सुटला की जॉइंट नकलमधून, म्हणजे चाक धरणाऱ्या भागातून, निसटतो, मग स्टेअरिंग तुमच्या हातात राहतं आणि चाक त्याच्या मनानं जातं. पिन आमच्याकडून फुकट न्या. नटाची खाच दांड्याच्या भोकासमोर येत नसेल तर नट थोडा पुढं आवळून जुळवायचा, मागं ढिला करून कधीच नाही. जुनी पिन सरळ करून परत घालायचीही नाही.

आता तुमचं म्हणणं. आमच्याकडून दोन बूट 140 रुपयांना नेले, रविवारी अंगणात स्वतः बसवले, दीड महिन्यात डावा फाटला. खडखड पहिल्या दिवसापासून तशीच. परत आणले तर काउंटरवरून "रबराचा माल परत होत नाही" असं तोडून सांगितलं, वर "एंडच बदला, अलाइनमेंट करून घ्या" हेही ऐकवलं. म्हणून एक स्टार, "डुप्लिकेट माल" आणि "जगात जर्मनी म्हणवणाऱ्या परभणीत असली लूट". शेवटचं वाचून हसू आलं, खरं सांगतो. बाकीचं वाचून नाही आलं.

कारण चूक आमची आहे, निदान अर्धी. त्या दिवशी काउंटरला माझा पुतण्या होता. त्यानं गाडीचं नाव विचारलं आणि नजरेनं बूट काढून दिला. एकाच गाडीला वेगवेगळ्या वर्षी वेगळे एंड आलेले असतात, आणि आधीच्या मालकानं दुसराच बसवलेला असू शकतो. बूट द्यायचा तर जुना समोर ठेवून तीन मापं घ्यावी लागतात: बॉल असलेल्या घराचा व्यास, वर दांडा जिथून बाहेर येतो तिथली जाडी, आणि उंची. वरचं तोंड ढिलं असलं तर पाणी आत जातं. उंची कमी असली तर चाक पूर्ण वळवल्यावर बूट ताणला जातो आणि खालून सुटतो. तुमच्या फोटोत तसंच झालेलं दिसतंय, बूट धरणारी तार-रिंग एका बाजूनं वर सरकलीय. माप घ्यायचा व्हर्नियर आमच्या ड्रॉवरमध्ये पडून असतो, वापरला नाही. आता पुतण्याला सांगून ठेवलंय, नमुना आणल्याशिवाय बूट द्यायचा नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

"रबराचा माल परत नाही" ही पाटी मीच लावलीय, लोक बसवून, फाडून आणतात म्हणून. माप आमचं चुकलं असेल तिथं ती पाटी लागू होत नाही. तुमचे 140 रुपये परत मिळतील. तुमच्याशी ज्या सुरात बोललं गेलं त्याबद्दल माफी मागतो.

पण डुप्लिकेट म्हणू नका. तो लोकल माल होता, आणि लोकल म्हणूनच दिला होता. लोकल मालावर दुसऱ्या कंपनीचं नाव नसतं. डुप्लिकेटवर दुसऱ्याचं नाव छापलेलं असतं. तो धंदा आम्ही करत नाही. बऱ्याच गाड्यांना कंपनी नुसता बूट देतच नाही, अख्खा एंडच देते, त्यामुळं सुटा बूट हवा असला की लोकलवरच यावं लागतं.

दुसऱ्या फोटोत बुटाच्या खालच्या कडेला दोन-तीन अर्धगोल कापे आहेत. ते स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाचे. कडा खाचेत बसत नव्हती म्हणून तुम्ही ती ढकलली असणार, मीही नवा असताना तेच केलंय. त्या कडेएवढ्या मापाचा पाइपचा तुकडा किंवा मोठा सॉकेट ठेवून हळूच दाबलं की बूट बसतो आणि रबराला टोक लागत नाही. "ग्रीस गच्च भरलं" असंही तुम्ही लिहिलंय. गच्च नको. जॉइंट वाकला की ग्रीसला जायला जागा राहत नाही, बूट फुग्यासारखा ताणतो. आणि टेपर (टोकाकडे निमुळता) दांडा नकलमध्ये घालताना कोरडा पुसून घ्यायचा, तिथं ग्रीस अजिबात नको.

खडखडीचा मात्र बुटाशी संबंध नाही. जुना बूट पावसाळाभर फाटकाच होता असं तुम्हीच त्या दिवशी पुतण्याला सांगितलं होतं. आपली काळी माती पाण्याबरोबर आत गेली आणि ग्रीसमध्ये कालवली गेली की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काम करते. बॉल आणि त्याची वाटी दोन्ही झिजतात. त्यावर नवा बूट म्हणजे गळक्या घराला नवा रंग. हे दुकानातच सांगायला हवं होतं, तेही आमच्याकडून राहिलं.

खात्री घरीच करता येते. चाक उचला, पण फोटोतल्यासारखं जॅक मातीत आणि खाली विटा असं नको. वीट भार आल्यावर न सांगता फुटते. फरशीवर उभी करा, मागच्या चाकाला दगड लावा, स्टँड घाला. मग चाक डाव्या-उजव्या बाजूनं धरून हलवा आणि दुसऱ्या माणसाला बोट त्या जॉइंटवर ठेवायला सांगा. टकटक बोटाला लागली तर एंड गेला. तुमचा गेलाय असा माझा अंदाज आहे, तरी तपासल्याशिवाय नव्या एंडवर 450 रुपये घालू नका, माझ्याकडेही नाही.

अलाइनमेंटबद्दल तुमचा राग बरोबर आहे. नुसता बूट बदलला, एंड जागी आवळून धरणाऱ्या लॉकनटला हात लावला नाही, तर चाकाचा कोन बदलत नाही, अलाइनमेंटची गरज नाही. एंड बदलला तर मात्र लागते. जुना काढताना आटे मोजले, रंगानं खूण केली तरी गाडी अलाइनमेंटवाल्याकडे नेण्याइतपतच सरळ होते, तेवढ्यावर टायर घासू नका.

अजून एक, तुम्ही विचारलं नाही तरी: वॉशिंगवाले गाडीखालून डिझेल मारतात, ते बंद करायला लावा. रबर फुगतं आणि मऊ पडतं, मग बूट लोकल असो की कंपनीचा.

दुपारी 1 ते 3 मी जेवायला घरी असतो, तेवढी वेळ सोडून कधीही या. जुना बूट आणि फाटलेला, दोन्ही आणा. पिन घ्यायला मात्र आजच कुणाला तरी पाठवा.