विनाइल साइडिंग ‘लावा आणि विसरा’? तसं नाही
न्यू जर्सीत घर घेणाऱ्या मराठी मंडळींत साइडिंगबद्दल, म्हणजे घराच्या बाहेरच्या भिंतींवर बसवायच्या पट्ट्यांबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘विनाइल साइडिंगला आयुष्यभर काही करावं लागत नाही, लाकूड मात्र कुजतंच.’ हे अर्धंच खरं. रंगकाम वाचतं, कबूल. पण विनाइल म्हणजे पीव्हीसी. साधारण ७० अंश सेल्सियसला ते मऊ पडू लागतं. शेजारच्या खिडकीच्या लो-ई (उष्णता परतवणारा लेप दिलेल्या) काचेवरून परतलेलं ऊन किंवा भिंतीला खेटून ठेवलेली बार्बेक्यूची शेगडी, एवढ्यानंही पट्ट्या मेणासारख्या लोंबतात. उत्तरेच्या भिंतीवर हिरवट बुरशी धरते, ती धुवावीच लागते. सीडारचं लाकूड कोरडं राहिलं आणि दर काही वर्षांनी रंगाचा हात मिळाला, तर कित्येक दशकं टिकतं. त्याची खराब फळी बदलून रंगवता येते. दहा वर्षं उन्हात विटलेल्या विनाइलला जुळणारी पट्टी शोधून दाखवा!