बाबा आढावांमुळे आपण एक डॉक्टर गमावला का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टरसाहेब,

पुण्यातल्या हमालांचे नेते बाबा आढाव यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण मनापासून आणि सडेतोड लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. आपलं म्हणणं थोडक्यात असं की, आयुर्वेदाची पदवी घेऊन दवाखाना चालवणारा माणूस मोर्चे काढत फिरला आणि समाजाला एक डॉक्टर कमी पडला. 'एक गाव एक पाणवठा' या, सार्वजनिक विहिरी दलितांना खुल्या करण्याच्या चळवळीचा वैद्यकाशी काडीचा संबंध नाही, असंही आपण लिहिलंत. आणि माथाडींच्या, म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांच्या नावावर आज जी वसुली चालते, तिचं बीज याच चळवळीत आहे, हा आपला शेवटचा आक्षेप.

आपण शल्यचिकित्सक आहात, मीही ओपीडीतच आयुष्य काढलंय. त्यामुळे पहिल्या मुद्द्यावर आपल्या भाषेतच बोलतो. भुसार बाजारातला हमाल आपल्याकडेही येत असेल. सदरा काढायला लावला की खांद्यामागची कातडी जाड, काळपट आणि घट्टे पडलेली दिसते. कंबर धरलेली, एका पायाला मुंग्या. आपण पेनकिलर लिहितो, पट्टा देतो आणि म्हणतो, "तीन आठवडे वजन उचलायचं नाही." तो म्हणतो, "विश्रांतीचं सोडून बोला, डॉक्टर." हमाली पोत्यावर मिळते. थप्पी लावली नाही तर घरी चूल पेटत नाही. तो गोळ्या घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा फलाटावर उभा असतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

या दुखण्याचं कारण क्विंटलचं पोतं होतं. शंभर किलो, माणसाच्या पाठीवर, दिवसभर. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्ये प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्याला 55 किलोची मर्यादा सुचवली होती, आणि आपल्या बाजारांत त्याच्या जवळपास दुप्पट ओझं रोजचं झालं होतं. पोतं पन्नास किलोचं करा, ही मागणी बाबांनी आणि हमाल पंचायत या त्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षं लावून धरली. पोतं अर्ध्यावर आल्याने जेवढे मणके वाचले असतील, तेवढे आपण दोघांनी मिळून जन्मात वाचवलेले नाहीत. याला मी डॉक्टरकी सोडणं म्हणू शकत नाही. माझ्या लेखी ही त्यांची सगळ्यात मोठी प्रॅक्टिस होती.

विश्रांतीचंही तेच. ज्याला कुणी मालकच नाही, त्याला रजा देणार कोण? आडत्या म्हणायचा, हमाल आमचा नोकर नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात बाबा, अशा अनेकांच्या लढ्यांतून 1969 चा माथाडी कायदा झाला. मालक, कामगार आणि सरकार यांचं मंडळ आलं. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या प्रमाणात जादा रक्कम द्यायची, आणि त्या लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, दवापाणी. रोज वेगवेगळ्या गाळ्यांवर राबणाऱ्या माणसाला असं संरक्षण देणारा कायदा देशात विरळाच. (1974 साली सुरू झालेल्या 'कष्टाची भाकर' या हमाल पंचायतीच्या जेवणाच्या केंद्राबद्दल मी मूळ लेखात लिहिलंय. राबणाऱ्या माणसाला परवडणाऱ्या दरात पोटभर जेवण, हेही डॉक्टरालाच आधी सुचायला हवं.)

आता पाणवठा. 1972 च्या दुष्काळात बाबा गावोगाव फिरले आणि एकच गोष्ट विचारत राहिले: सार्वजनिक विहिरीवर दलितांना पाणी भरू देता का? महाडचा सत्याग्रह 1927 चा, अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा 1955 चा, तरी कित्येक गावांत दलित बाई घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची, कुणी वरून पाणी ओतेल या आशेवर. ओतलं नाही तर ओढ्यातला झरा किंवा डबकं. वस्तीत जुलाब-उलटीची साथ आली की आपण क्लोरिनच्या गोळ्या वाटतो. पण चांगली विहीर गावात असून एका वस्तीला बंद असेल, तर त्या साथीच्या कागदावर कारण म्हणून जातच लिहायला हवी. वैद्यकाचा संबंध नाही हे आपलं विधान म्हणूनच मला मुळीच मान्य नाही.

कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांची पंचायत 1993 मध्ये पुण्यात उभी राहिली, त्यातही बाबा होते. उघड्या हातांनी कचरा चिवडणाऱ्या बाईच्या जखमेला आपण टाके घालतो आणि सुट्टी देतो. ती जखम होऊच नये यासाठी कुणीतरी महापालिकेशी भांडायला लागतं.

राहिला वसुलीचा मुद्दा. इथे आपलं अर्धं बरोबर आहे. बोगस माथाडी संघटनांचे लोक ट्रक अडवतात, न उचललेल्या मालाची वाराई (चढ-उताराची मजुरी) मागतात, छोट्या उद्योजकाला दमदाटी करतात. हे खरं आहे आणि संतापजनक आहे. त्यांच्यावर खंडणीचेच गुन्हे दाखल व्हावेत. पण त्यात ज्याचा खिसा भरतो, त्याच्या पाठीवर कधी पोतं चढलेलं नसतं. खरा हमाल मंडळात नोंदलेला असतो, त्याच्या कामाची मजुरी हिशेबात येते. म्हणून नोंदणी आणखी कडक करा, मंडळांतला कारभार उघडा करा, मी आपल्यासोबत सही करतो. मंडळच बरखास्त करा, असं मात्र आपण सुचवलंत, तिथे मी ठाम विरोधात आहे. मंडळ गेलं की गुंड उपाशी मरणार नाही, तो दुसरा धंदा शोधेल. फंड आणि ग्रॅच्युइटी जाईल ती हमालाची.