कॅप्टन टॉम मूर लशीमुळे गेले नाहीत

कोरोनाची लस घेतली म्हणून ब्रिटनचे कॅप्टन टॉम मूर दगावले, असा मजकूर फिरतो आहे. तो साफ खोटा आहे. न्यूमोनियावरची औषधं चालू असल्याने त्यांना लस दिलीच नव्हती, हे घरच्यांनीच सांगितलं होतं. कोरोनाची लागण होऊन २ फेब्रुवारी २०२१ रोजी ते गेले.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढलेले हे आजोबा लेकीच्या कुटुंबासोबत राहायचे. शंभरी गाठण्याआधी, कोटावर पदकं लावून, वॉकर ढकलत त्यांनी बागेतल्या २५ मीटरच्या वाटेवर १०० फेऱ्या मारल्या. त्यातून लोकांकडून हजार पौंडांची देणगी जमवायची होती. ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठी ३ कोटी २० लाख पौंडांहून जास्त जमले! त्यांच्या मरणाचा असा वापर बघवत नाही. कृपया तो मजकूर पुढे पाठवू नका.