मेट्रो आली, भाव वाढला. पैसे कुणाचे?

मुंबईत जागेचा विषय निघाला की आपण आधी बिल्डरला शिव्या घालतो, मग पुढाऱ्यांना, आणि चहा संपला की उठतो. जमिनीच्या वाढत्या भावावर कर लावा म्हणणाऱ्या हेन्री जॉर्ज या अमेरिकन विचारवंताचं नाव त्यात कुणी घेत नाही. घ्यायला हवं.

हा काही विद्यापीठातला पंडित नव्हे. 1839 साली फिलाडेल्फियात जन्म. मिसरूड फुटायच्या आत शाळा सुटली, मग जहाजावर पोऱ्या म्हणून मेलबर्न आणि थेट कलकत्त्यापर्यंत फेरी. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत छापखान्यात खिळे जुळवायचं काम. हलाखी एवढी की 1865 मध्ये दुसरं मूल झालं तेव्हा घरात दाणा नव्हता. रस्त्यात एका अनोळखी माणसाला गाठून यानं पाच डॉलर मागितले. मिळाले. नसते दिले तर मी त्याला मारूनही टाकलं असतं, असं नंतर त्यानंच सांगितलंय.

काही वर्षांनी ऑकलंडजवळच्या टेकड्यांत घोड्यावरून जाताना त्यानं एका गाडीवानाला सहज विचारलं, इथं जमिनीला भाव काय? गाडीवानानं लांबवर चरणाऱ्या, उंदराएवढ्या दिसणाऱ्या गाईंकडे बोट केलं. म्हणाला, तिकडे एकजण एकरी हजार डॉलरनं विकतोय. ओसाड माळ, आणि हजार डॉलर! शहर सरकत सरकत तिथवर येणार, एवढंच त्या भावामागचं कारण. मालकानं काय केलं? वाट पाहिली.

यातूनच त्याचं 1879 चं ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ हे पुस्तक उभं राहिलं. म्हणणं सरळ आहे. जमिनीची किंमत मालक वाढवत नाही, भोवतालचा समाज वाढवतो. तेव्हा ती वाढ करातून समाजाकडे परत यावी. कष्टावर, धंद्यावर, बांधलेल्या भिंतींवर कर नको.

आता आपल्याकडे या. लिंक रोडवर मेट्रोचे नुसते खांब उभे राहिले आणि एजंट ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ सांगू लागले. खांब कुणाच्या पैशातून? तुमच्या-माझ्या. वाढलेला रेट कुणाच्या खिशात? ज्याचा सातबारा किंवा ज्याची चाळ, त्याच्या.

गिरणगावाचं तर विचारूच नका. 1982 च्या संपानंतर कापड गेलं, कामगार गेला, पण जमीन सोन्याची झाली. 1991 च्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे पडायचे होते: महापालिका, म्हाडा आणि मालक. 2001 मध्ये सरकारनं नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. गिरणीच्या शेड उभ्या होत्या ती जमीन मालकाकडेच. सुप्रीम कोर्टानंही 2006 मध्ये ते मान्य केलं. परळचा भाव ज्यांनी तीन पिढ्या घाम गाळून वाढवला, त्यांतले किती जण आज परळमध्ये राहतात?

(गंमत बघा, लहानपणी आपण जो ‘व्यापार’ खेळलो त्याचं मूळ लिझी मॅगी नावाच्या बाईच्या खेळात आहे. तिनं 1904 मध्ये त्याचं पेटंट घेतलं ते जॉर्जचे विचार लोकांना कळावेत म्हणून. आपण शिकलो काय, तर हॉटेल बांधून भावंडांना कंगाल करायला!)

जॉर्जचं सगळंच मला पटत नाही. एकाच करावर अख्खं सरकार चालेल हा त्याचा आशावाद आजच्या काळात टिकणारा नाही. आणि दादरला जुन्या बंगलीत पेन्शनवर राहणाऱ्या आजींनी कोट्यवधीच्या जमिनीवरचा कर भरायचा कुठून? यावर उपाय आहे: कर साठू द्यावा आणि जागा विकली जाईल तेव्हा वळता करावा. त्यामुळे आजींना पुढे करून मोठ्या भूखंडवाल्यांनी लपू नये.

आपल्याकडे 2010 पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या बाजारभावाला धरून आहे, पण त्यात इमारतीचा प्रकार, वय, वापर सगळं मिसळलेलं. मेट्रोसाठी म्हणून मुद्रांक शुल्कात 1 टक्का जादा लागतो, तोही चलन भरताना घर घेणाऱ्याच्या नावावर, म्हणजे वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन आलेल्या माणसाच्या. खांब उभे राहायच्या आधीपासून प्लॉटला पत्रे ठोकून बसलेल्याला मेट्रोच्या नावानं कुणी वेगळी पावती फाडलेली मी तरी पाहिली नाही.