श्लोकाची दुसरी ओळ कुणी खाल्ली?

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. वर पद्मासनातली आकृती, तिच्याखाली संस्कृत ओळ, ‘प्राणायामेन युक्तेन सर्वरोगक्षयो भवेत्’, आणि मग हिरव्या टिक-मार्कांची (✓) रांग. मजकूर थोडक्यात असा: रोज १५ मिनिटं प्राणायाम केला की रक्तातला ऑक्सिजन वाढतो, आणि ऑक्सिजनमध्ये कॅन्सर जगूच शकत नाही हे १९३१ सालच्या नोबेलविजेत्याने सिद्ध केलंय. पीळ देणाऱ्या आसनांनी शरीरातली विषद्रव्यं पिळून निघतात. बीपी, शुगर, थायरॉईडच्या गोळ्या ९० दिवसांत सुटतात. योगाला साइड इफेक्ट नाहीत, कुणीही कोणत्याही वयात करावा. आणि १० मिनिटं मन विचारशून्य केलं की ४ तासांच्या झोपेइतकी विश्रांती मिळते. शेवटी नेहमीचंच, किमान दहा जणांना पाठवा.

मी बावीस वर्षं आसनं करतेय, अकरा वर्षं सकाळचा वर्ग घेतेय. म्हणजे मी हात जोडलेला इमोजी टाकून मोकळं व्हावं, अशीच अपेक्षा असणार. पण योगाची बदनामी त्याला नावं ठेवणाऱ्यांनी जितकी केली नाही तितकी असल्या भक्तांनी केली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

आधी श्लोकच. ही ओळ हठयोगप्रदीपिका या योगावरच्या ग्रंथातली, पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामाची. ती तिथे संपत नाही. पुढची ओळ आहे, ‘अयुक्ताभ्यासयोगेन सर्वरोगसमुद्भवः’. नीट केलेल्या प्राणायामाने सगळे रोग जातात आणि भलत्या रीतीने केला तर सगळे रोग उद्भवतात. लगेच पुढे यादीही दिलीय: उचकी, दमा, खोकला, डोकं, कान आणि डोळे दुखणं. आणि त्याच्या आधीच्या श्लोकात म्हटलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करायचे तसाच हा वायू. नाहीतर तो साधकालाच मारतो. ‘सर्वरोग’ ही जुन्या ग्रंथांची भाषा झाली, ती शब्दशः घ्यायची नाही. पण त्या माणसाने आश्वासन आणि इशारा एका दमात दिला होता. मेसेजवाल्याने मधोमध कात्री लावली.

आता ऑक्सिजन. घरात ऑक्सिमीटर धूळ खात पडला असेल तर हे स्वतःच करून बघा. मी केलं. शांत बसले, बोटाला चिमटा लावला: ऑक्सिजन ९८ टक्के. पंधरा मिनिटं अनुलोम-विलोम: ९८. मग मुद्दाम जोरात भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा वेगाने श्वास, केली, दोनेक मिनिटं. आकडा ९९ झाला आणि बोटांना मुंग्या आल्या, ओठांभोवती बधिर वाटायला लागलं, डोकं हलकं झालं. निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनमधल्या ऑक्सिजनच्या जागा आधीच जवळपास भरलेल्या असतात. भरलेल्या बसमध्ये आणखी किती माणसं कोंबणार? मुंग्या येतात त्या ऑक्सिजन वाढल्यामुळे नाही. जोरजोरात श्वास सोडल्याने कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, रक्त किंचित अल्कधर्मी होतं आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे ज्या क्षणी ‘मेंदूला भरपूर ऑक्सिजन मिळतोय’ असं वाटतं, नेमका त्याच क्षणी मेंदूला रक्त कमी मिळत असतं.

गंमत म्हणजे हे आपल्याकडे फार आधी सांगून झालंय. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था काढली ती योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्यासाठी. प्राणायामाचं मोल प्राणवायूच्या मापात नाही, मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामात आहे, हीच त्यांची भूमिका होती. शंभरेक वर्षं झाली, तरी आपण अजून ऑक्सिजनच्या गोष्टी सांगतोय.

मग फायदा कशाचा? संथपणाचा. आपण एरवी मिनिटाला १२ ते १६ श्वास घेतो. एका साध्या श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत जाते, तिच्यातली १५० वाटेतच, नाक आणि श्वासनलिकांमध्ये राहते. श्वास संथ आणि खोल केला की तेच काम कमी खेपांत होतं. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आणले की हृदयाची लय आणि रक्तदाब एका तालात वरखाली होऊ लागतात आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची आतली यंत्रणा जास्त तल्लख होते. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटासा, २३ जणांवरचा अभ्यास आला होता. त्यात काही वेळ ख्रिस्ती लोकांचा लॅटिनमधला जपमाळेचा जप करायला लावला, काही वेळ योगमंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहावर आला आणि परिणामही सारखाच दिसला. माणसं निरनिराळ्या देवांपुढे बसून नकळत एकाच गतीने श्वास घेत होती, हे मला ऑक्सिजनच्या कोणत्याही दंतकथेपेक्षा जास्त सुंदर वाटतं.

आणि ते नोबेल. ओटो वारबुर्ग यांना १९३१ चं नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमच्या शोधासाठी. कॅन्सरबाबत त्यांनी नोंदवलं होतं ते असं, की ऑक्सिजन हाताशी असतानासुद्धा कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज आंबवून ऊर्जा मिळवतात. त्यातून ‘ऑक्सिजनने कॅन्सर मरतो’ हे कुठून निघालं, देव जाणे. तसं असतं तर फुप्फुसाचा कॅन्सर झालाच नसता. अख्ख्या शरीरात त्याहून हवेशीर जागा नाही. उपचार चालू असताना झेपेल असा योग केल्याने थकवा कमी होतो, झोप सुधारते, धास्ती उतरते, हे खरं आहे आणि ते थोडंथोडकं नाही. पण ते उपचार चालू असताना.

विषद्रव्यांवर फार शाई घालवत नाही. वक्रासनात लिव्हर टॉवेलसारखं पिळलं जात नाही. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर टाकतात. तुम्ही खुर्चीत वाकडे बसलेले असा की मत्स्येंद्रासनात. पीळ द्या, पाठ मोकळी होते.

गोळ्यांचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. मागे माझ्या वर्गात साठीच्या एक काकू येत. एक दिवस पर्वतासनात हात वर केले आणि म्हणाल्या, डोकं ठणकतंय. बसवलं, चौकशी केली. असाच एक मेसेज वाचून त्यांनी बीपीची गोळी पाच आठवड्यांपासून बंद केली होती. मशीनवर वरचा आकडा १८६ आला. ‘पण मी रोज न चुकता करते ना गं,’ त्या म्हणाल्या. ते मला लागलं. आपण काही चुकतोय असं त्यांना वाटतच नव्हतं, उलट त्या मन लावून नियम पाळत होत्या. माझाही दोष होताच. मी तोवर कुणाला औषधांबद्दल कधी विचारलंच नव्हतं. आता पहिल्या दिवशी विचारते.

बीपीवर योगाचा परिणाम होतो का? होतो. बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिलं तर वरचा आकडा सरासरी ४-५ ने उतरतो. एक साधी गोळी साधारण त्याच्या दुप्पट उतरवते. म्हणजे योग ही चांगली जोड झाली. १८६ वर असलेल्या माणसाला ४ कमी करून आपण कुठे पोचवणार?

मधुमेहातही तसंच. टाइप २ मध्ये नियमित हालचाल, कमी झालेला ताण आणि सुधारलेली झोप यांनी साखर थोडी आटोक्यात येते आणि काहींचा औषधाचा डोस खरंच कमी होतो, पण तो डॉक्टरांनी रिपोर्ट बघून केलेला असतो. टाइप १ मध्ये शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही. तिथे इन्सुलिन बंद करणं म्हणजे काही दिवसांत आयसीयू. मेसेजात दोन्ही ‘शुगर’ एकाच टिक-मार्कात बसवलेत. राहिला थायरॉईड. सर्वांगासनात हनुवटी गळ्यावर दाबली जाते म्हणून ग्रंथी ‘जागी’ होते, ही कल्पना ऐकायला छान आहे. पण ती ग्रंथी काही बटण नव्हे. तिला हुकूम येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरीकडून, आणि पुष्कळदा ती मंदावते ती शरीराच्याच प्रतिकारशक्तीने हल्ला केल्यामुळे. गरोदर बाईने थायरॉईडच्या गोळ्या सोडल्या तर बाळाच्या मेंदूच्या वाढीलाही धोका असतो.

मेसेजात न सापडलेली एक गोष्ट सांगते: कंबरदुखी. योगाचा सगळ्यात भक्कम पुरावा जिथे आहे तो आजार त्या यादीत नाहीच! २०१७ साली ३२० जणांवर केलेल्या एका अमेरिकी चाचणीत जुनाट कंबरदुखीसाठी बारा आठवड्यांचा योगवर्ग फिजिओथेरपीच्या तोडीस तोड ठरला. त्याच वर्षी तिथल्या फिजिशियनांच्या संघटनेने जुनाट कंबरदुखीत औषधांआधी करून बघायच्या उपायांत योगाचा समावेश केला. पण कंबर थोडी बरी होण्यात चमत्कार कुठला? म्हणून ते फॉरवर्ड होत नाही.

‘साइड इफेक्ट शून्य.’ माझी मान याची साक्ष देईल. सर्वांगासनात जास्त वेळ राहण्याची मला हौस होती. पाच मिनिटं, सात मिनिटं, शेजारणीपेक्षा एक जास्तच. तिसऱ्या महिन्यात डावा हात कोपरापर्यंत झिणझिणायला लागला. दोष आसनाचा नव्हता, घड्याळाचा आणि माझ्या खुमखुमीचा होता. तीच प्रदीपिका विपरीत करणीबद्दल, म्हणजे डोकं खाली-पाय वर अशा उलट्या स्थितीबद्दल, म्हणते, पहिल्या दिवशी क्षणभरच, मग दररोज थोडं थोडं वाढवा. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो हे २००६ साली मोजून दाखवलं गेलंय. काचबिंदू (डोळ्यातल्या दाबाशी जोडलेला आजार) असलेल्याने ते का टाळावं हे वेगळं सांगायला नको. हाडं ठिसूळ झालेल्यांनी कमरेतून जोर लावून पुढे वाकणं टाळावं, कारण मणके दबून मोडू शकतात. जोरकस कपालभातीनंतर एका निरोगी तरुणीच्या फुप्फुसाभोवती हवा साठल्याची नोंद २००४ साली वैद्यकीय नियतकालिकात आली. अशी उदाहरणं विरळा आहेत, मान्य. तब्येत बघून करणाऱ्याला योग बहुतेक व्यायामांइतकाच सुरक्षित आहे. पण विरळा आणि शून्य यांत फरक असतो.

‘कुणीही करावा’ याबद्दलही जुन्यांचं म्हणणं ऐका. कपालभाती हा त्यांच्या लेखी प्राणायामच नाही, ती षट्कर्मांतली, म्हणजे सहा शुद्धिक्रियांतली एक आहे. आणि षट्कर्मं कुणी करावीत? ज्याच्या अंगात मेद आणि कफ जास्त आहे त्याने. इतरांनी करू नयेत, असं प्रदीपिकेत चक्क लिहिलंय.

शेवटचा टिक-मार्क ध्यानाचा. विचारशून्य व्हायला बसलेल्या माणसाच्या डोक्यात पहिला विचार येतो तो ‘अजून विचार येताहेत’ हा. कुणी म्हणेल, योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी चित्तवृत्तिनिरोध, म्हणजे मनाच्या हालचाली थांबवणं, सांगितलाय की. सांगितलाय. पण तो अभ्यास दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने करायचा, हेही त्यांनीच सांगितलंय. १० मिनिटांची स्कीम त्यांची नाही. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली सजगतेचा (माइंडफुलनेसचा) जो आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यातही विचार थांबवायला सांगत नाहीत. मन भटकलं हे ओळखायचं आणि न चिडता परत आणायचं. २०२२ मध्ये २७६ रुग्णांवरच्या चाचणीत हा अभ्यासक्रम चिंताविकारावर एका नेहमीच्या गोळीइतका उपयोगी पडला. पण तिथे रोज घरी पाऊण तास सराव होता. उलट त्याच वर्षी ब्रिटनमधल्या हजारो शाळकरी मुलांवरच्या मोठ्या चाचणीत अशा वर्गांचा काही खास फायदा दिसला नाही. सगळ्यांना सगळं लागू पडत नाही. आणि झोपेला पर्याय तर अजिबात नाही. रात्री चार तास झोपून सकाळी ध्यानाला बसणारे बहुतेक जण ध्यानात झोपतात. माझ्या वर्गात घोरतात.

रोजच्या जगण्यातली सजगता याहून फार साधी असते. घराबाहेर पडून शंभर पावलं गेल्यावर ‘कुलूप लावलं का?’ म्हणून आपण परत फिरतो. हाताने लावलेलं असतं, पण मन तेव्हा फोनवर असतं. गेली काही वर्षं मी कुलूप लावताना थांबते, किल्लीचा खट्ट आवाज ऐकते, ओढून बघते. तीन सेकंद जातात. याने बीपी किती उतरतं ते मला माहीत नाही, पण परतीचे हेलपाटे थांबलेत. अशीच आणखी एक जागा म्हणजे राग आणणारा मेसेज आला की उत्तर टाइप करण्याआधी दाताखाली आवळलेला जबडा सोडणं.

त्या प्राणायामाच्या मेसेजवर मात्र मी जबडा सोडून, विचार करून उत्तर दिलं. तिन्ही ग्रुपवर श्लोकाची दुसरी ओळ टाकली, अर्थासकट. दोन ठिकाणी कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या ग्रुपवरच्या एका दूरच्या मावसभावाने तासाभराने खासगीत लिहिलं, ‘ताई, बोलायचंय.’ फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग त्याने हळूच विचारलं, शुगरची गोळी त्याने दहा दिवसांपूर्वी सोडलीय, ती आता डॉक्टरांना न सांगता परत सुरू करता येईल का.