पंपच गेलाय बगा!

आमच्या जुन्या डिझेल जीपला चहाचं व्यसन लागलं होतं. बीडहून अंबाजोगाईला निघालं, की मांजरसुंब्याचा घाट चढेपर्यंत सुतासारखी सरळ. पुढे दोन आचके, की गप्प. आम्ही चहा पिऊन अर्ध्या तासानं परत आलो, की पहिल्या सेल्फला सुरू, जसं काही झालंच नाही! पुढचा चहा नेकनूरला. मागून मावशीचा जप चालूच, "तरी मी म्हणत होते, एसटीनं जाऊ."

आपल्याकडे डिझेल गाडीचं बोनेट रस्त्यात उघडायचाच अवकाश, इंजिनाला दाबानं डिझेल पुरवणाऱ्या पंपावर आळ आलाच. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं न उतरताच सांगितलं, "पंप गेलाय." शेळ्या वळणाऱ्या पोरानंही वाकून पाहिलं. "पंपच हाय, काका." नेकनूरचा मिस्त्री तर पाने हातात घेऊनच आला. "पंप उतरवावा लागंल. लातूरला कॅलिब्रेशनला, म्हंजी माप जुळवायला, पाठवू. डिझेल फवारायचं नोझलबी बघून घेऊ." गॅरेजमधलं हे 'बी' फार महागात पडतं. मी चहा संपवला आणि गाडी हाणली.

केजमध्ये शिरताना ती पुन्हा बसली, ती नेमकी एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या दारात. चाचांनी बोनेटला हातही लावला नाही. "किती चालती? किती येळ बसती?" एवढंच विचारलं आणि सायलेन्सरपाशी उकिडवे बसले. "मारा सेल्फ." मी मारला. "धूर न्हाई. पांढरा धूर आला असता तर डिझेल नोझलपस्तोर जातंय म्हणलो असतो. हितं डिझेलच येईना, पंप बिचारा काय करंल?"

मग त्यांनी दवाखान्यातली सलाइनची नळी काढली. बोनेटवर डिझेलचा कॅन ठेवला, नळीचं एक टोक त्यात, दुसरं थेट पंपाला. इंजिनावरचा छोटा हातपंप दाबून लाइनमधली हवा काढली. सेल्फ मारताच गाडी धडधडली. आयसीयूतला पेशंट उठून बसावा तशी! पंप निर्दोष सुटला. आता संशय टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीवर. तीच पारदर्शक नळी मधे जोडून चाचा कितीतरी वेळ बघत राहिले. बुडबुडा एकही नाही, पण धार मात्र दोऱ्याएवढी.

चाचा उठून टाकीपाशी गेले आणि थबकले.

मागच्या दिवाळीत टाकीचं झाकण मी डिझेल भरताना पेट्रोल पंपावरच विसरलो होतो. त्याजागी प्लास्टिकची पिशवी चारपदरी घालून वरून सायकलच्या ट्यूबचं रबर करकचून आवळलं होतं. धुळीचा कण आत जाणार नाही याचा मला केवढा अभिमान! कण काय, हवासुद्धा जात नव्हती. डिझेल जाईल तेवढी हवा आत यायला झाकणाला बारीक भोक असतं. ते नसल्यानं टाकीत पोकळी होऊन डिझेल ओढलंच जात नव्हतं. आमचा चहा होईपर्यंत फटीफटीतून थोडी हवा शिरायची, तेवढ्यावर गाडी पुढच्या हॉटेलपर्यंत यायची.

चाचांनी रबर सोडलं. टाकीनं 'फुस्स' करून मोठा श्वास घेतला.

"हे कुणी बसवलं?"

मी सायलेन्सरकडे बघू लागलो.

"ह्यानंच," मावशी आतून म्हणाली. "मला दोनदा दाखवलं होतं."